देगाची निसर्गचित्रे

नर्तकींचा चित्रकार म्हणून जो ओळखला जातो, त्या देगाने १८९२ साली पॅरिसमध्ये द्युराँ-र्‍युएलच्या दालनात केवळ निसर्गचित्रे मांडली, याचे स्मरण आमच्या रसिकांस क्वचितच असते. पत्र्यावर तैलरंग पसरून कागदावर त्याचा ठसा घ्यावयाचा आणि वर पेस्टलची कांडी फिरवावयाची, ही त्याची रीत. खाली पातळ, ओघळता रंग. वर कोरडी, खरबरीत भुकटी. १८९० साली बरगंडीच्या प्रवासात पाहिलेला मुलूख त्याने स्मरणानेच उतरविला. यास कोणी डागांचा खेळ म्हणतील. आम्हांस ते मान्य नाही. ठशाने अकल्पितपणे दिलेले त्याच्या पेस्टलने बहुधा राखलेच आहे. जेथे सगळे झाकले, तेथे मात्र चित्र गोड झाले आणि टेकडीचा ओलावा गेला.