स्तोत्राचा चरण आणि ओवीचे यमक

पवित्र शास्त्राचा मोठा भाग काव्यरूप आहे, हे आपण सारेच जाणतो. परंतु वेदीवरून वाचताना किंवा धर्मशिक्षणाच्या वर्गात अर्थ सांगताना नेमके तेच विसरतो. काव्यप्रकारांचे ज्ञान हा पंडितांचा विषय आहे, अशी आपली समजूत असते. ती चुकीची आहे. रूप कळले नाही तर पुष्कळदा अर्थही निसटतो.

प्रथम स्तोत्रसंहितेचे पाहू. इब्री काव्याचा आधार यमक नसून समांतरता होय. ऑक्सफर्डमधील व्याख्यानांतून रॉबर्ट लोथ यांनी तिचे विवेचन केले व ती १७५३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. एका चरणात मांडलेला विचार दुसरा चरण निराळ्या शब्दांत पुन्हा मांडतो, त्याच्या उलट बाजू दाखवितो किंवा त्याला पुढे नेतो, असे तीन प्रकार त्यांनी सांगितले. एकोणिसाव्या स्तोत्राच्या आरंभी आकाश आणि अंतराळ हे दोन शब्द येतात. नवा धर्मगुरू असताना या दोहोंतील भेद समजावण्यात मी अख्खे प्रवचन खर्ची घातले होते! कवीला तेथे दोन वस्तू सांगावयाच्या नव्हत्या. एकाच विस्मयाला त्याने दोनदा हाक दिली होती. उलट पहिल्या स्तोत्राच्या शेवटी नीतिमानाचा व दुर्जनाचा असे दोन मार्ग समोरासमोर उभे राहतात. तेथे मात्र भेद हाच अर्थ आहे.

आता आपल्या घरच्या काव्याकडे वळू. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. जुन्या पुराणांच्या जागी वाचावयास नवदीक्षितांना काही हवे होते, ही त्या ग्रंथामागची गरज. ती भागविण्यासाठी त्यांनी लॅटिन वृत्त आणले नाही. ज्या ओवीत लोक पुराण ऐकत आले होते तीच घेतली. या ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात, तर चौथा आखूड व मोकळा असतो. तीन चरणांत कथा धावते, चौथ्यावर श्रोता श्वास घेतो. मराठीची थोरवी गाताना त्यांनी मोगरा, कस्तुरी, मोर, कल्पतरू अशी उपमानांची माळ गुंफली आहे. तीही या मातीतलीच. इतक्या मोठ्या ग्रंथात साऱ्याच ओव्या सारख्या तोलाच्या नाहीत. यमकासाठी ओढाताण दिसते, हे मान्य केले पाहिजे. तरी श्रोत्यांच्या कानाशी असलेली त्यांची निष्ठा निर्विवाद आहे.

या दोन रूपांतील फरक आपल्या कामाचा आहे. यमक नादाचे असते, म्हणून भाषांतरात ते मरते. समांतरता विचाराची असते, म्हणून ती मराठीतही जगते. ओवीचे गद्य केले की कथा उरते, ओवी उरत नाही. स्तोत्राचे गद्य भाषांतर केले तरी त्याचा कणा शाबूत राहू शकतो. अर्थात सर्वच काही वाचत नाही. एकशे एकोणिसाव्या स्तोत्रात इब्री वर्णमालेच्या २२ अक्षरांप्रमाणे आठ आठ ओळींची २२ कडवी आहेत. ते कौशल्य मराठीत दिसणे कठीण. परंतु जे वाचते तेही आपण घाईने, दोन चरणांमध्ये विराम न घेता वाचून गमावतो. हा दोष भाषांतरकाराचा नव्हे, आपला.

शेवटी तेविसावे स्तोत्र घ्या. आरंभी कवी मेंढपाळाविषयी ‘तो’ म्हणून बोलतो. अंधाऱ्या दरीत शिरताच तो ‘तो’चा ‘तू’ होतो. देवाविषयी बोलणारा माणूस देवाशी बोलू लागतो. प्रेतसंस्काराच्या वेळी हे स्तोत्र आपण किती वेळा वाचले असेल! त्या एका सर्वनामाजवळ क्षणभर थांबलो, तर शोकाकुल कुटुंबाला आपल्या दहा वाक्यांहून अधिक सांत्वन तेथेच मिळेल. तेवढे थांबता यावे, एवढ्यासाठीच काव्याचे रूप ओळखावयाचे.