आर्निसची परिभाषा आणि मूळाचा वाद

फिलिपीन्समधील काठी व पाते यांच्या युद्धकलेस ‘आर्निस’, ‘एस्क्रिमा’ आणि ‘काली’ अशी तीन नावे आहेत. २००९ साली ज्या कायद्याने तिला राष्ट्रीय युद्धकला व क्रीडा ठरविले, त्यातही ही तिन्ही नावे एकत्र नोंदविलेली आहेत. परंतु नावांवरून मूळ ठरविण्याचा वाद तेवढ्याने मिटलेला नाही. ‘एस्क्रिमा’ म्हणजे स्पॅनिश ‘एस्ग्रिमा’, अर्थात तलवारबाजी. ‘आर्निस’ म्हणजे ‘आर्नेस’, अर्थात चिलखत. तेव्हा कलाही स्पेनची, असे एक पक्ष म्हणतो. ‘काली’ हे स्पॅनिशपूर्व नाव. तेव्हा कला पुरातन व देशी, असे दुसरा म्हणतो. हे परस्परविरोधी पक्ष वस्तुतः एकाच गृहीतावर उभे आहेत : शब्दाचे मूळ तेच वस्तूचे मूळ.

हे गृहीत टिकणारे नाही. ‘पगार’ हा शब्द मराठीने पोर्तुगीजातून घेतला. म्हणून चाकरीचे वेतन देण्याची रीत येथे पोर्तुगीजांनी आणली, असे कोणी म्हणणार नाही. आर्निसमध्ये दूर, मध्यम व निकट अंतरांस ‘लार्गो’, ‘मेदिओ’, ‘कोर्तो’ म्हणतात. प्रारंभिक पाठांस काही परंपरांत ‘आबेसेदारिओ’, म्हणजे मुळाक्षरे, असे नाव आहे. यावरून इतकेच सिद्ध होते की, शिकविण्याची भाषा घडली तेव्हा स्पॅनिश शब्द लोकांच्या तोंडी होते. तलवार व खंजीर एकत्र वापरण्याच्या ‘एस्पादा इ दागा’ या प्रकाराची गोष्ट किंचित वेगळी आहे. कारण ही जोडी स्पॅनिश तलवारबाजीतही होती. तथापि तेथेही निर्णय शब्दावरून नव्हे, पवित्रे व आघात ताडून पाहूनच करावा लागेल.

‘काली’ची बाजू याहून दुर्बळ आहे. हे प्राचीन नाव असल्याचे मत प्लासिदो याम्बाओ यांच्या १९५७ मधील आर्निसविषयक ग्रंथाने रूढ केले. ‘कामोत’ (हात) आणि ‘लिहोक’ (हालचाल) या बिसाया शब्दांच्या आद्य अक्षरांपासून ते बनल्याचे सांगितले जाते. पण ही लोकव्युत्पत्तीची परिचित रीत आहे. ‘कलिस’ या शस्त्रनामाशी जोडावे, तर अंत्य ‘स’ का लोपला हे सांगावे लागते. मराठी वाचकास देवीचे नाव आठवेल. परंतु ध्वनिसाम्य हा पुरावा नव्हे.

मग परिभाषेतून काहीच हाती लागत नाही काय? लागते, पण ते निराळ्या ठिकाणी. दोन काठ्यांच्या सरावास ‘सिनावाली’ म्हणतात. ‘सावाली’ म्हणजे बांबूच्या पट्ट्यांची विणलेली तट्टी. त्यात ‘-इन-’ हा मध्यप्रत्यय घालून ‘तट्टीसारखे विणलेले’ असा शब्द सिद्ध झाला आहे. समोरासमोर उभे असलेले दोघे उंच-खाली आघात करीत काठ्यांची वीण घालतात, ही शिकवणुकीची प्रतिमा देशी आहे आणि तिची रूपसिद्धीही देशी आहे. अर्थात यावरूनही कळते ते शिकवणुकीविषयी, युद्धाच्या उगमाविषयी नव्हे.

उगमाचा अधिक विश्वसनीय साक्षीदार तंत्र हाच आहे. वेताची काठी तलवारीच्या जागी आहे, असे शिष्यास सांगतात. परंतु प्रतिपक्षाची काठी मुठीत धरून ती हिसकावण्याच्या युक्त्याही त्यास शिकवितात. तीच पकड पात्यावर केली, तर हातच कापला जाईल. उलट, काठी कोणत्याही अंगाने लागली तरी चालते. पात्याची धार मात्र आघाताच्या रेषेत यावी लागते. म्हणजे काही तंत्रे काठीचीच आहेत, काही पात्याची. आणि एकाच शब्दाखाली ती सरमिसळ झालेली आहेत.

तेव्हा अभ्यासकाने प्रत्येक तंत्र कोणत्या शस्त्राच्या हाती टिकते, हे आधी पाहावे. स्वाभिमान नावावर टांगून ठेवला, तर ते नाव परके निघताच तो ढासळतो. फिलिपिनो गुरूंनी जे शिकविले ते त्यांचेच आहे; त्यासाठी त्यांना ‘काली’च्या प्राचीनतेची गरज नाही.