होडी, पाणी आणि तम

तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म घालवलेला माणूस फोटोंवर काय बोलणार, असं काहींच्या मनात आलं असेल. विषय आम्ही मागून घेतला. एका चुकीचा हिशेब द्यायचा आहे, आणि चूक आमचीच आहे.

काही वर्षांपूर्वी कोकणातल्या एका बंदरगावात छायाचित्रांची स्पर्धा होती. विषय, सांजवेळच्या होड्या. परीक्षक आम्ही तिघं. पहिलं बक्षीस आम्ही ज्या चित्राला दिलं त्यात एक ट्रॉलर डावीकडून उजवीकडे चालला होता. पुढे नांगरलेली तांबडी होडी, तिच्यातली जाळी धाग्याधाग्यानं दिसत होती, आणि खालचं पाणी सोन्यासारखं. दुसरं एक चित्र आम्ही पहिल्याच फेरीत बाजूला ठेवलं. सहासात होड्यांच्या काळ्या आकृती, मागे राखाडी-निळ्या पाण्याची पट्टी, खाडीच्या मुखावरच्या डोंगराची कड आणि एक दिवा. बस. शेऱ्याच्या रकान्यात आम्ही लिहिलं, 'तपशील हरवले आहेत.'

प्रदर्शनाच्या दिवशी गावातले एक तांडेल आले. बक्षिसाच्या चित्रापाशी थांबले आणि म्हणाले, "सर, हा फोटो उलटा आहे." आम्ही म्हटलं, कसा? ते म्हणाले, "बोट उजवीकडे चाललीय, म्हणजे तिची उजवी बाजू आपल्याकडे. तिथे हिरवा दिवा पाहिजे. हा तांबडा कसा?" बरोबरच होतं. चालत्या बोटीच्या डाव्या अंगाला तांबडा दिवा, उजव्या अंगाला हिरवा, हा जगभरचा नियम. अंधारात समोरची बोट कुठे निघाली आहे हे त्या रंगावरूनच कळतं. छायाचित्रकाराला विचारलं तेव्हा त्यानं मोकळेपणानं सांगितलं, बोट डावीकडून आत शिरली की नजरेला बरं वाटतं, म्हणून चित्र आरशासारखं फिरवलं. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, तेव्हा बरं वाटतं हे खरं. पण त्या फिरवण्यात दिव्याची भाषा उलटी झाली.

मग तांडेल त्या काळपट चित्रापाशी गेले. बराच वेळ बघून म्हणाले, "इथे भरती लागलीय." आम्ही पुन्हा, कशावरून? "सगळ्यांच्या नाळी बघा ना." नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक. एकाच नांगरावर उभी असलेली होडी वारा पडलेला असला की प्रवाहाला तोंड देऊन उभी राहते. सगळ्या नाळी खाडीच्या मुखाकडे वळलेल्या होत्या, म्हणजे पाणी समुद्राकडून आत येत होतं. ज्या चित्रात तपशील हरवले असं आम्ही लिहिलं, त्यात समुद्राची वेळ लिहिलेली होती. ती वाचता येत नव्हती आम्हाला.

आता प्रश्न असा, की आमची चूक नेमकी कुठे झाली? 'चित्रात फेरफार केला होता, तो आम्हाला ओळखता आला नाही,' हे सोपं उत्तर आहे. ते पुरेसं नाही. कारण फेरफार छायाचित्रणात पहिल्यापासून आहे, आणि त्यातून थोर चित्रंही झाली आहेत. एक घेऊ.

गुस्ताव ल ग्रे हा फ्रेंच छायाचित्रकार. 1856 मध्ये त्यानं समुद्रावरच्या एका ब्रिगचं, म्हणजे दोन डोलकाठ्यांच्या जहाजाचं, चित्र घेतलं. त्याच वर्षी ते लंडनमध्ये मांडलं गेलं आणि गाजलं. काळोखा समुद्र, ढगांमागून झिरपणारा उजेड, पाण्यावर त्या उजेडाचा पट्टा आणि एक लहानसं जहाज. लोकांनी ते चांदण्यातलं चित्र म्हणून पाहिलं. प्रत्यक्षात ते दिवसाउजेडी घेतलेलं होतं. दुसरं शक्यच नव्हतं. पौर्णिमेच्या चांदण्यापेक्षा ऊन सुमारे 4 लाख पट प्रखर असतं. त्या काळच्या कलोडिअनच्या काचेला हलतं पाणी चांदण्यात टिपणं जमणारं नव्हतं. ल ग्रेनं कॅमेरा सूर्याच्या दिशेनं धरला, काचेवर उजेड अगदी थोडा वेळ पडू दिला, आणि समुद्र व आकाश एकाच काचेवर मिळवलं. त्या काळी हे अवघड होतं, कारण ती काच निळ्या रंगाला फार हळवी. समुद्र नीट आला की आकाश पांढरं फटक व्हायचं.

म्हणून पुढच्या काही चित्रांत त्यानं आकाशाची काच वेगळी आणि समुद्राची वेगळी घेऊन दोन्ही क्षितिजावर जोडल्या. 1857 चं सेत इथल्या मोठ्या लाटेचं चित्र असं घडलेलं आहे. ते जास्त प्रसिद्ध. पण आमचं मत विचाराल तर ब्रिगचं चित्र सरस आहे. लाटेच्या चित्रात आकाशाचा उजेड आणि पाण्याचा उजेड एकमेकांना ओळखत नाहीत, असं आम्हाला वाटतं. ब्रिगच्या चित्रात पाण्यावरचा पट्टा त्याच ढगांतून खाली आलेला आहे. दिवसाची रात्र झाली खरी, पण झाली ती सगळ्यांची मिळून झाली. ढग, पाणी, जहाज, सगळं एकाच मापानं काळोखात उतरलं. वस्तूंचं आपसातलं नातं मोडलं नाही.

इथे आपल्या दर्शनांतला एक जुना वाद कामाला येतो. तम, म्हणजे अंधार, हा पदार्थ कोणता? वैशेषिक म्हणतात, अंधार ही वेगळी वस्तूच नाही, तो तेजाचा अभाव. भाट्ट मीमांसक म्हणतात, तसं कसं? अंधार काळा दिसतो, म्हणजे त्याला गुण आहे. तो सरकताना दिसतो, म्हणजे त्याला क्रिया आहे. गुण आणि क्रिया ज्याला आहे ते द्रव्य. त्यावर वैशेषिकाचं उत्तर तयार असतं, की सरकतो तो दिवा, अंधार नव्हे. वर्गात आम्ही वर्षानुवर्षं वैशेषिकांची बाजू घेतली, आणि जगाबद्दल बोलायचं तर आजही घेऊ.

पण चित्रात? कागदावर काळ्या भागाला आकार आहे, जागा आहे, वजन आहे. तो शेजारच्या उजेडाला किंमत देतो. चित्रापुरते भाट्ट बरोबर आहेत. आमची चूक ही, की परीक्षकाच्या खुर्चीत बसून आम्ही अंधार म्हणजे काहीतरी राहून गेलं असं समजलो. त्या बक्षीसपात्र चित्रकारानंही तेच केलं. सावल्या वर उचलण्याची पट्टी सरकवली आणि जिथे जिथे काळं होतं तिथे तिथे भर घातली.

अशी भर घातली की काय बिघडतं, ते पाण्यात लगेच दिसतं. पाणी उजेडाचा काही भागच परत पाठवतं, उरलेला आत घेतं. म्हणून होडीचं प्रतिबिंब साधारणपणे होडीपेक्षा उजळ असू शकत नाही, आणि आकाशाचं प्रतिबिंब आकाशापेक्षा उजळ असू शकत नाही. चित्राचा खालचा अर्धा भाग वेगळा उजळला की हे उलटं होतं. बघणाऱ्याला भौतिकशास्त्र माहीत नसेल, पण कुठेतरी खोटं आहे हे डोळ्याला कळतं. सोन्यासारखं पाणी आम्हाला आवडलं होतं. ते वरच्या आकाशापेक्षा उजळ होतं, हे नंतर ध्यानात आलं.

दुसरी गोष्ट रंगाची. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात नोंदवून ठेवलंय, की उजेड उतरू लागला की आपल्या डोळ्यांना तांबडा रंग आधी काळवंडलेला दिसतो, निळा-हिरवा त्यामानानं टिकतो. घरी करून बघा. तिन्हीसांजेला जास्वंद आधी विझते, तिची पानं नंतर. आता सूर्य बुडाल्यावर आपल्याकडे वीस-पंचवीस मिनिटांत संधिप्रकाश ओसरतो. त्यानंतरच्या चित्रात तांबडी होडी दुपारसारखी पेटलेली असेल, तर ते कॅमेऱ्याचं बघणं झालं. किनाऱ्यावर उभ्या माणसाचं नव्हे. फोनमधली रात्रीची सोय तर अनेक छबी घेऊन त्या एकमेकींवर रचते. धक्का जागच्या जागी राहतो, होड्या आणि पाणी मात्र हलत असतात. त्यामुळे लाटा गुळगुळीत होतात, आणि हलत्या पाण्याची ओळख पुसली जाते.

मग करायचं काय? पुष्कळसं काम कळ दाबण्याआधीच होतं. काळोखात होडीला तोंड नसतं, फक्त बाह्यरेषा असते. तेव्हा ती रेषा उजळ पाण्यावर किंवा आकाशावर मोकळी पडेल अशा जागी आपण उभं राहायचं. एका होडीची डोलकाठी दुसरीत मिसळत असेल तर दोन पावलं सरकायचं. कॅमेरा खाली, पाण्याच्या जवळ नेला तर पाणी तिरकं दिसतं आणि आकाशाचा उजेड जास्त परत करतं. धक्क्यावरून खाली वाकून बघितलं तर तेच पाणी काळं. उजेड इथे असा मिळवता येतो, नंतर ओतावा लागत नाही. आणि नांगराचा दोर नजरेला खुपतो म्हणून पुसायचा नाही. तो पुसला की होडी कशाच्या आधारानं उभी आहे हे कळत नाही.

कोणी म्हणेल, कलाकाराला स्वातंत्र्य नको का? हवंच. व्हिस्लर रात्री टेम्सवर होडीतून फिरायचा, दृश्य मनात साठवायचा आणि नंतर घरी येऊन रंगवायचा. त्याचे निळे काळोख शब्दशः खरे नाहीत. पण त्यानं अंधार भरून काढला नाही, अंधारच रंगवला. ल ग्रेनं दिवसाला काळोखात नेलं. आमच्या विजेत्यानं काळोखाला दिवसात आणलं. दोघांनी फेरफारच केला, तरी दोघांना एका मापानं मोजता येत नाही. एकानं जगाला एकसंध ठेवलं, दुसऱ्यानं प्रत्येक वस्तू सुटी सुटी करून उजळली.

राहता राहिली आमची गोष्ट. बक्षीस परत घेतलं नाही, तसा नियम नव्हता आणि त्या मुलाचा हेतूही वाईट नव्हता. पण काळ्या चित्राच्या छायाचित्रकार बाईंना आम्ही तिघांनी पत्र लिहिलं, शेरा मागे घेतला आणि तांडेलांनी काय वाचलं ते कळवलं. त्यांचं उत्तर आलं. त्या संध्याकाळी भरतीच होती. त्या खेपेपासून परीक्षकांत एक माणूस रोज पाण्यावर जाणारा असावा, असं आम्ही आयोजकांना सुचवलं. ते त्यांनी मानलं.

इथे थांबू. ज्यांनी आपले फोटो बरोबर आणलेत त्यांनी पुढे यावं. मूळचा आणि नंतर उजळलेला, दोन्ही दाखवा, म्हणजे शेजारी शेजारी ठेवून बोलता येईल.