सायकल न चालवलेल्या दिवसाचं काय?

आजचा विषय थोडा आडबाजूचा आहे. लांब पल्ल्याच्या सायकलप्रवासावरची पुस्तकं आपण वाचतो. त्या पुस्तकांतल्या, सायकल न चालवलेल्या दिवसांबद्दल मला बोलायचंय. ‘रेस्ट डे’ हा शब्द आता आपल्या सायकलवाल्यांच्या तोंडी चांगला रुळलाय. आपला जुना शब्द मुक्काम. मुक्काम नुसता रात्रीचाही असतो, पण आज मी म्हणतोय तो अख्ख्या दिवसाचा. माझं म्हणणं असं, की सायकलप्रवासाचं पुस्तक जोखायचं असेल तर घाटाचं वर्णन बाजूला ठेवा आणि आधी मुक्कामाची पानं उघडा.

आधी एक साधा हिशेब करू. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे मुंबईचे तीन पारशी तरुण ऑक्टोबर १९२३मध्ये सायकलवरून जगप्रवासाला निघाले आणि मार्च १९२८मध्ये परत आले. निघताना सहा जण होते, फेरी पुरी केली ती या तिघांनी. अंतर सुमारे ७१,००० किलोमीटर, दिवस साधारण १,६००. भागाकार केला तर रोजचे ४४ किलोमीटर येतात. आता, दणकट तरुण माणूस चालवायला लागला की दिवसाला त्याच्या दुप्पट सहज जातो. म्हणजे बोटीचे दिवस, आजारपणं, परवान्यांची वाट पाहणं आणि विश्रांती हे सगळं धरलं, तर या महापराक्रमातला फार मोठा भाग थांबण्यात गेलेला असणार. कुठलाही लांबचा सायकलप्रवास घ्या, हिशेब थोड्याफार फरकाने असाच निघतो.

आणि थांबणं ही चैन नव्हे. मनाली-लेह रस्त्यावर आता पुण्यामुंबईचे पुष्कळ लोक सायकलने जातात. तिथला वैद्यकीय नियम सांगतो, की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस आहे तिथेच काढावा. रक्ताला विरळ हवेची सवय व्हायला वेळ लागतो, त्यात हट्ट चालत नाही. ‘तूर द फ्रान्स’सारख्या शर्यतीतसुद्धा आज २१ टप्प्यांमध्ये दोन दिवस विश्रांतीचे असतात. गंमत म्हणजे त्या दिवशीही खेळाडू तास-दोन तास सायकल चालवतात, कारण एकदम थांबलं की पाय जड होतात. तेव्हा मुक्काम हा प्रवासाचाच भाग आहे, यात शंका नाही.

मग लिहिताना त्याचं काय होतं? आपल्याकडच्या बहुतेक सायकलवर्णनांत त्या दिवसाला चार ओळी मिळतात: कपडे धुतले, चेनला तेल घातलं, भरपूर झोपलो, अमुकतमुक यांनी अगत्याने जेवू घातलं. संपलं! दुसऱ्या दिवशी पुन्हा किलोमीटर सुरू. ते जेवण कोणी रांधलं, त्या घरात पाणी कुठून येतं, पाहुणा आल्यामुळे कोणाचा कामाचा दिवस बुडाला, याचा पत्ता नसतो. ज्या दिवशी बघायला सगळ्यांत जास्त वेळ असतो, नेमक्या त्याच दिवशी लेखकाचे डोळे मिटलेले!

ही सवय जुनी आहे. थॉमस स्टीव्हन्स हा उंच चाकाच्या सायकलवरून जगाला वळसा घालणारा पहिला माणूस. १८८४मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला, १८८६च्या डिसेंबरात योकोहामाला पोहोचला. त्याच्या ग्रंथाचे दोन खंड आहेत. पहिला तेहरानला संपतो, दुसरा तेहरानहून सुरू होतो. मधला सगळा हिवाळा तो तेहरानमध्ये होता. इतका मोठा मुक्काम, पण त्याच्या वाट्याला आलेली पानं त्या मानाने फारच थोडी. त्याची अडचणही समजून घेतली पाहिजे. तुर्कस्तानात तो जिथे थांबे तिथे गर्दी जमे आणि ‘चालवून दाखव’ म्हणून मागे लागे. म्हणजे थांबला की तोच तमाशा व्हायचा. त्याची चिडचिड खरी आहे. पण त्या चिडचिडीत त्याने समोरच्या माणसांना विनोदाचा विषय करून टाकलं. ही माणसं इतक्या कुतूहलाने काय पाहताहेत, हे त्याने त्यांना कधी मनापासून विचारलं नाही.

आता डर्व्हला मर्फींकडे येऊ. आयर्लंडमधल्या लिस्मोर गावच्या या बाई १९६३च्या कडाक्याच्या हिवाळ्यात सायकलने भारताकडे निघाल्या. ‘फुल टिल्ट’ हे त्यांचं पुस्तक १९६५चं. युगोस्लाव्हियातले लांडगे, बर्फातली बाबुसर खिंड, हे सगळं त्यात आहे. अफगाणिस्तानात बसमधल्या भांडणात बंदुकीचा दस्ता लागून त्यांच्या बरगड्या मोडल्या, तेही आहे. पुस्तक सुंदर आहे, मोठ्या मनाचं आहे. पण त्यात एक सूर मला खटकतो. जिथे पक्का रस्ता नाही, यंत्रं नाहीत, तिथे बाई खूश होतात, आणि आधुनिक काही दिसलं की हळहळतात. हे म्हणणं सोपं आहे, कारण उद्या आपण पुढे जाणार असतो. गावातलं कोणी आजारी पडलं तर दवाखान्यात कसं न्यायचं, हा प्रश्न निघून जाणाऱ्याचा नसतो.

जुलैत त्या दिल्लीला पोहोचल्या. उन्हाळा असह्य होता, सायकल चालवणं शक्य नव्हतं. मग त्या धरमशाळेला गेल्या आणि तिबेटी निर्वासित मुलांच्या संगोपन केंद्रात काही महिने काम करत राहिल्या. दलाई लामांच्या थोरल्या भगिनी ते केंद्र चालवत होत्या. यातून १९६६चं ‘तिबेटन फूटहोल्ड’ आलं. हे दुसरं पुस्तक कमी वाचलं जातं. पण दोन्ही शेजारी ठेवून वाचा. इथे खरूज झालेली, कुपोषित मुलं आहेत, दाटीवाटी आहे, मदत करणाऱ्या संस्थांमधली ओढाताण आहे. ‘साधं जीवन किती छान’ हा सूर इथे टिकत नाही. तीच लेखिका, तेच वर्ष. बदललं काय? त्या थांबल्या, आणि थांबून हाताने काम केलं.

कोणी म्हणेल, ‘अहो, आम्ही सायकलचं पुस्तक घेतलं ते रस्त्यासाठी. मुक्कामाचं पुराण कशाला?’ आक्षेप बरोबर आहे, पण अर्धाच. गोडसे भटजी घरातून निघाले ते उत्तरेत दक्षिणा मिळेल या आशेने. आज आपण ‘माझा प्रवास’ वाचतो तो मुख्यतः झाशीच्या पानांसाठी, जिथे ते वेढ्यात अडकले होते. त्यांनी वाटेतल्या मजला नुसत्या मोजून दिल्या असत्या तर ते पुस्तक आपल्यापर्यंत आलं असतं का?

सायकलस्वाराला मोटारवाल्यापेक्षा जास्त दिसतं असं आपण नेहमी म्हणतो, आणि ते खरंही आहे. पण सायकलवरूनही माणसं मागेच पडत जातात. ती समोर बसतात ती मुक्कामाच्या दिवशी. त्या दिवशी प्रवासी कोणाच्या तरी घरात असतो, कोणाचं तरी अन्न खात असतो. त्याचा हिशेब पुस्तकात आला नाही, तर लेखकाने यजमानाचं देणं बुडवलं असं मी म्हणेन. आभाराच्या एका ओळीने ते फिटत नाही.

मराठीत सध्या सायकलप्रवासाबद्दल भरपूर लिहिलं जातंय, ही आनंदाची गोष्ट आहे. तुमच्यापैकी काही जण स्वतः लिहीतही असतील. त्यांना एवढंच सांगेन, की त्या कपडे धुतलेल्या दिवसाची नोंद पुन्हा काढा. दोरी कोणाच्या अंगणात बांधली होती, साबण कोणी दिला, आणि तुम्ही झोपलेले असताना त्या घरात काय चाललं होतं, ते आठवतं का बघा. आठवत असेल तर तिथून लिहायला घ्या. आठवत नसेल, तर पुढच्या मुक्कामाला वही जवळ ठेवा.

थांबतो इथे. आता तुमचे प्रश्न घेऊ.