कॅरीचे मराठी गद्य : श्रद्धा आणि सत्ता

विल्यम कॅरीच्या मराठी ग्रंथांकडे आपण मुद्रणाच्या आरंभाचे स्मारक म्हणून पाहतो. त्यांमागील श्रद्धेचा आणि काळाचा विचार क्वचितच करतो. तो केल्याखेरीज या गद्याचे मोल ठरविता येणार नाही, असे आम्हांस वाटते.

कॅरी बॅप्टिस्ट होता. जाणत्या वयात, स्वतःच्या मुखाने श्रद्धा कबूल करणाऱ्यासच बाप्तिस्मा द्यावा, हे या पंथाचे मुख्य तत्त्व. ज्याने कबुली द्यावयाची, त्यास शास्त्र स्वभाषेत कळले पाहिजे; म्हणून भाषांतर हे या पंथीयांस केवळ प्रचाराचे साधन नव्हते, ते धर्माचेच अंग होते.

पण काळ कोणता? २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसर येथे यशवंतराव होळकरांनी पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. मराठ्यांचीच शस्त्रे मराठ्यांवर चालली. वर्षअखेरीस बाजीरावाने वसईस इंग्रजांशी तह केला आणि १८०३ मध्ये युद्ध पेटले. त्या सुमारास कॅरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या भावी अधिकाऱ्यांस देशी भाषा शिकवीत होता. पंडित वैजनाथाच्या साह्याने त्याने सिद्ध केलेले मराठी व्याकरण १८०५ मध्ये, मोडी लिपीतील कोश १८१० मध्ये आणि 'नवा करार' १८११ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे छापला गेला. आपला पगार तो मिशनकार्यास देई. म्हणजे मराठी राज्य जिंकणाऱ्या सत्तेचे द्रव्य मराठी शुभवर्तमानास लागले. कॅरीच्या निष्ठेविषयी शंका नाही. तथापि तिच्या पायातील ही बेडी टीकाकाराने झाकू नये.

वाङ्मयदृष्ट्याही परिणाम स्पष्ट आहे. मराठी मुलखापासून दूर घडलेले हे गद्य अर्थ पोहोचविते, पण बोलत नाही. त्याची वाक्यरचना परकी राहते. आम्हां मुरगावकरांस शेजारच्या सासष्टीची आठवण होते. तेथील रायतूरला १६१६ मध्ये छापलेले फादर स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण'ही परक्या सत्तेच्या छायेतलेच. परंतु त्याची ओवी लोकांच्या कानांत आधीच रुजलेली होती.

बॅप्टिस्टांनी माणसाकडे स्वतःच्या मुखाची कबुली मागितली. कॅरीच्या ग्रंथांत मराठीला लिपी लाभली, टंक लाभला, व्याकरण लाभले. तिचे स्वतःचे मुख मात्र लाभले नाही. आपसांत लढणाऱ्या समाजाचा कोश परके लिहितात, हा त्यातला धडा कॅरीपेक्षा आपणांसच अधिक लागू आहे.