सिनेमाच्या थिएटरातला तास

कुरूप इमारती दोन प्रकारच्या असतात. एक, बांधणाऱ्याची ऐपत नव्हती म्हणून कुरूप झालेल्या. आणि दुसऱ्या, ऐपत भरपूर होती म्हणून झालेल्या. टोराँटो शहराच्या ऐन मध्यावर, यंग आणि डंडास या दोन रस्त्यांच्या चौकात ‘टेन डंडास ईस्ट’ नावाची इमारत उभी आहे. ती दुसऱ्या प्रकारातली, आणि त्यातही पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेली.

सिनेमाची चोवीस थिएटरं, खाद्यपेयांची दुकानं आणि बाहेरून जाहिराती. जाहिराती म्हणजे किती? निवडणुकीच्या आदल्या दिवशी आमच्या पेठेतल्या भिंतीची जी अवस्था होते तीच इथे बारा महिने, वर विजेवर चालणारी. भिंत कुठे आहे ते शोधावं लागतं. माझी अशी समजूत झाली, की जाहिराती आधी लावल्या असाव्यात आणि त्या वाऱ्याने पडू नयेत म्हणून मागे इमारत बांधली असावी.

२०१८ साली बहिणीकडे दोन महिने होतो, तेव्हा भाची तिथल्या रायर्सन विद्यापीठात शिकत होती. (२०२२ पासून या विद्यापीठाचं नाव टोराँटो मेट्रोपॉलिटन विद्यापीठ. इमारतीचंही बारसं तीनदा झालंय: आधी मेट्रोपोलिस, मग टोराँटो लाइफ स्क्वेअर, मग नुसता घरनंबर. समोरच्या चौकाचं नाव बदलून सान्कोफा स्क्वेअर करायचं तिथल्या नगरपालिकेने २०२३ साली ठरवलं. त्या भागात पत्ता शाईने लिहू नये.) एका सकाळी ती म्हणाली, “मामा, माझा दहाचा तास थिएटरात आहे, येताय का बघायला?”

मला वाटलं, पोरगी चेष्टा करतेय. आमच्या वेळी तास बुडवून थिएटरात जायची पद्धत होती. मॅटिनीच्या रांगेत प्राध्यापक दिसले तर दोन्ही बाजूंनी ओळख न दाखवण्याचा सभ्यपणा पाळला जाई. इथे तासालाच थिएटरात जायचं! मग ज्याला तास बुडवायचा असेल त्याने जायचं कुठे? वर्गात?

पण खरंच तसं होतं. इमारत उभी राहत होती तेव्हा बिल्डरला शेजारच्या विद्यापीठाच्या पार्किंगवरची हवा हवी होती. हवा म्हणजे बांधकामाचा हक्क. आपल्याकडे सोसायटीच्या सभेत एफएसआय म्हणून ज्याच्यावरून डोकी फुटतात तोच. विद्यापीठाने हवा दिली आणि बदल्यात दिवसा थिएटरं मागून घेतली. २००८ साली थिएटरं उघडली आणि मुलं सकाळी मऊ खुर्च्यांत बसून अर्थशास्त्र शिकू लागली. संध्याकाळी त्याच पडद्यावर मारामारी. हवेच्या व्यवहारात इतकं काही पदरात पाडून घेतलेली दुसरी पार्टी मला तरी ठाऊक नाही.

भाचीची एकच तक्रार होती, झोप फार येते. ते आम्हाला लाकडी बाकांवरही साधत असे.

आता ही इमारत पाडावी असं म्हणणारे तिथे पुष्कळ भेटतात. पाडा, काचेचे देखणे मनोरे बांधा, शहराच्या नाकावरची ही चामखीळ काढा. बहिणीच्या घरी जेवायला आलेले एक गृहस्थ तर वरणभात पुढ्यात ठेवून अर्धा तास पाडत होते. रसिकतेच्या दृष्टीने मी त्यांच्याच पक्षाचा. पण पाडापाडीच्या बाबतीत माझं मत सावध आहे, आणि त्याला कारण याच इमारतीची जन्मकथा.

नव्वदच्या दशकात यंग स्ट्रीट कळकट झाला आहे अशी ओरड होती. स्वस्त दुकानं, भडक पाट्या, नको ती गर्दी. म्हणून शहराने या कोपऱ्यावरच्या जागा सक्तीने संपादन करायला घेतल्या. दुकानदार भांडले, १९९८ साली निकाल शहराच्या बाजूने लागला. दुकानं पाडून समोर चौक झाला, तो २००२ साली खुला झाला. उन्हाळ्यात जमिनीतून कारंजी उडतात आणि पोरं भिजतात. चौकाबद्दल माझी तक्रार नाही. पण इमारतीला आणखी सहा वर्षं लागली, आणि जे उभं राहिलं ते हे! भडक पाट्या नकोत म्हणून लहान पाट्या पाडल्या आणि त्यांच्या जागी भल्यामोठ्या पाट्या लावल्या. लहान दुकानदार तेवढा गेला. ज्या ‘सुंदर करू या’ने हे ध्यान जन्माला घातलं, तेच ‘सुंदर करू या’ आता त्याच्या मुळावर आलंय. त्याच वैद्याकडे दुसऱ्यांदा जाताना रोग्याने निदान जुनी चिठ्ठी तरी बरोबर न्यावी.

बरं, न पाडता काही करता येत नाही असंही नाही. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर मेपल लीफ गार्डन्स हे आइस हॉकीचं १९३१ सालचं सभागृह आहे. संघ १९९९ साली दुसरीकडे गेला. पुढे खाली किराण्याचं मोठं दुकान निघालं आणि वरच्या मजल्यावर २०१२ साली याच विद्यापीठाचं क्रीडाकेंद्र, पुन्हा बर्फासकट. दुकानात फरशीवर एक लाल ठिपका आहे: जुन्या मैदानाचा मध्यबिंदू. बायका ढकलगाड्या घेऊन त्यावरून जातात आणि बाप्ये तिथे थांबून सद्गदित होतात. विद्यापीठाने यंग स्ट्रीटवर २०१५ साली जे अभ्यासभवन बांधलं, त्याच्या सहाव्या मजल्यावर समुद्रकिनाऱ्यासारखी उतरती जमीन आहे. मुलं तीवर लोळत अभ्यास करतात. तेव्हा शेजाऱ्यांकडे कल्पनेचा दुष्काळ आहे असं कोणी म्हणू नये.

माझी भीती वेगळी आहे. देखणा मनोरा आला, की त्यात राहायला माणसं येतील, खाली उंची दुकानं येतील. मग सकाळी दहा वाजता दप्तर घेतलेली दोन-तीनशे पोरं सरकत्या जिन्यावरून वर सोडायला कोण तयार होईल? या भोंगळ इमारतीला कोणी यायची लाज वाटत नाही. तिसऱ्या मजल्यावर खाण्याच्या जागी खिडकीशी बसलं की सगळा चौक दिसतो. मी तिथे एका कॉफीवर दीड तास काढला, शेजारी एक मुलगा घरचा डबा खात होता. कोणी उठवलं नाही. काचेच्या मनोऱ्यात दोघांनाही उठवलं असतं, मला जरा आदराने.

तेव्हा पुनर्विकास करायचाच, तर करारात सकाळची थिएटरं आधी लिहून घ्यावीत, रंग कोणता द्यायचा ते मागाहून. सोसायटीत राहिलेला कोणीही सांगेल, बिल्डरने ‘बघू’ म्हटलेली गोष्ट नकाशात कधी येत नाही. आणि विद्यापीठाच्या बाजूला, व्हिक्टोरिया स्ट्रीटच्या अंगाला, एक ऐसपैस दार द्यावं. दार म्हणून लांबून ओळखू येईल असं. सध्या तिकडे इमारतीने पाठ केली आहे, रुसलेल्या व्याह्यासारखी. जाहिरात लावायचीच असेल तर दाराच्या वर लावा, माझी हरकत नाही. दारावर नको.