लॉराचे आठ दिवस

रुग्णाच्या खाटेशेजारी बसण्याचे प्रसंग आम्हा धर्मगुरूंवर वारंवार येतात. ‘आता अगदी शांत आहे, काही त्रास देत नाही,’ असे घरच्यांनी सांगितले की आम्हीही समाधानाने मान डोलावतो. परंतु शांत झालेला रुग्ण बरा होत असतोच, असे आहे काय? हा प्रश्न आमच्या मनात एका जुन्या इंग्रजी अनुबोधपटाने उभा केला. तो पट आणि त्याची शिकवण यांचा थोडा परामर्श येथे घेण्याचा विचार आहे.

‘अ टू-इयर-ओल्ड गोज टु हॉस्पिटल’ हा जेम्स रॉबर्टसन यांचा कृष्णधवल मूकपट १९५२ सालचा. रॉबर्टसन हे चित्रपट-व्यवसायातले नव्हेत. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये जॉन बोल्बी या मनोविकारतज्ज्ञांबरोबर ते काम करीत. रुग्णालयातील मुलांचे दुःख आपण शब्दांत सांगतो ते डॉक्टरांना पटत नाही, म्हणून त्यांनी कॅमेरा हाती घेतला.

कथानक म्हणावे असे यात फारसे नाही. लॉरा नावाची सुमारे अडीच वर्षांची मुलगी बेंबीच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात राहते. त्या काळी इंग्लंडमध्ये आईला मुलाजवळ मुक्काम करू देत नसत; भेटीच्या वेळाही अगदी तोकड्या असत. शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडते. परिचारिका प्रेमळ आहेत. कोणीही लॉराला रागावत नाही, मारीत नाही. तरीही तिचा चेहरा दिवसेंदिवस मिटत जातो. ती रडणे आवरते, आपले खेळण्यातले अस्वल घट्ट धरून बसते. आई भेटायला आली तर प्रथम तोंड फिरवते. घरी जाण्याच्या दिवशी ती आपल्या साऱ्या वस्तू गोळा करते, पण आईचा हात धरायला मात्र नकार देते.

हा शेवट पटाचे खरे सामर्थ्य होय. लॉरा आकांत करीत राहिली असती तर प्रेक्षकाचे डोळे पाणावले असते आणि तो विसरूनही गेला असता. येथे अश्रू दडवले जातात, म्हणूनच ते आपल्याला बोचतात. दिग्दर्शकाचा प्रामाणिकपणाही वाखाणण्याजोगा आहे. सोयीचे तेवढेच क्षण टिपले, असा आक्षेप येऊ नये म्हणून चित्रणाच्या वेळा त्यांनी आधीच ठरवून टाकल्या आणि भिंतीवरचे घड्याळ चौकटीत ठेवले. तरीही त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये पट दाखवला तेव्हा अनेक डॉक्टर संतापले. ही मुलगी अपवादात्मक आहे, असे त्यांचे म्हणणे. रॉबर्टसन यांचे उत्तर असे की, मूल आधी निषेध करते, मग निराश होते आणि शेवटी आपली गरजच नाकारते. या शेवटच्या अवस्थेला रुग्णालये ‘मूल रुळले’ असे समजतात.

पटाला मर्यादा आहेत. एका मुलीवरून सर्व मुलांविषयी सिद्धान्त मांडता येत नाही. रुग्णालयांना वाटणारी संसर्गाची भीती सर्वस्वी खोटी नव्हती. तिची बाजू येथे येत नाही. शिवाय हर्निया बरा केला तो शल्यचिकित्सकाने, मायेने नव्हे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. मात्र मनाचा शरीराशी संबंध नाही, असेही म्हणता येत नाही. १९९५ साली अमेरिकेत जॅनिस कीकोल्ट-ग्लेसर आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या आप्तांची शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि तसा भार नसलेल्या १३ स्त्रिया यांच्या हातावर सारखीच लहानशी जखम करून पाहिली. ताणाखालील स्त्रियांची जखम भरायला सरासरी ९ दिवस अधिक लागले.

१९५९ साली ब्रिटनमधील प्लॅट समितीने मुलांच्या भेटींवरील निर्बंध उठवावेत आणि आईला शक्यतो सोबत राहू द्यावे, अशी शिफारस केली. हा बदल घडण्यात या पटाचाही वाटा होता.

आपल्याकडे सरकारी रुग्णालयांत खाटेखाली चटई टाकून निजणारी आई वा मावशी हे नेहमीचे दृश्य. त्याला आपण गर्दी म्हणून नाके मुरडतो. त्या चटईचे मोल आम्हांला २०२० साली कळले. कोरोनाच्या त्या दिवसांत आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध गृहस्थांना नेले, तेव्हा त्यांच्या पत्नीला दाराशीच थांबवले. रुग्णाभ्यंगासाठी आम्हांलाही आत जाता आले नाही. ‘ते शांत आहेत,’ असा निरोप आला. तोच आम्ही माउलींना पोहोचवला, सांत्वन म्हणून. निर्बंध आवश्यक होते, याविषयी आमची तक्रार नाही. परंतु त्या शब्दाने आम्ही स्वतःचे किती समाधान करून घेतले, हे लॉराचा चेहरा पाहिल्यावर उमगले.

सुरक्षितता म्हणजे केवळ स्वच्छ भिंती आणि निष्णात हात नव्हेत. ‘आपले माणूस येथे आहे आणि ते जाणार नाही’ हा विश्वासही तिच्यात येतो. आपल्या घरातही एखादे आजारी माणूस मागच्या खोलीत ‘शांत’ पडून असेल. वाचकहो, त्याच्या शांततेवर विसंबू नका. खुर्ची ओढून थोडा वेळ जवळ बसा. प्रथम त्याने तोंड फिरवले, तरी उठू नका.